आपलं पोरगं घालशील काय त्या शिबिरात?

शिबिर संपवून घरी आलं की बॅग उपडी करावी. तळाशी काय काय निघतं! एकटा मोजा, कुणाची तरी तुटकी क्लिप, वाळलेला ब्रश, रुमालात बांधलेलं अर्धं बिस्कीट. कुणाचं ते आठवत नाही आणि टाकवतही नाही. शिबिरातले किस्से असेच साठतात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. आमच्या तिघांकडे आता इतके झालेत की एकानं सुरुवात केली की दुसरा म्हणतो, "ओ, हे मागच्या वर्षी सांगितलं की!"

आम्ही तिघं म्हणजे मी, सर्जेराव आणि शिंदे मॅडम. कोल्हापुरातल्या एका विनाअनुदानित शाळेत मी चित्रकला शिकवतो, मुरगूडचे सर्जेराव पीटी घेतात आणि शिंदे मॅडम गाणी शिकवतात. शाळेचा पगार दहाच महिने. त्यामुळे मार्च संपता संपता शाळेसमोरच्या चहाच्या गाड्यावर आमची मीटिंग भरते. विषय एकच. यंदा कुठल्या समर कॅम्पात काम करायचं?

निवडायच्या प्रत्येकाच्या पद्धती आहेत. शिंदे मॅडम जागा बघायला गेल्या की स्वयंपाकाच्या बाईशी गप्पा मारतात. बाई मुलांचंच जेवण जेवते की घरून डबा आणते, एवढंच त्यांना काढून घ्यायचं असतं. सर्जेरावांचं त्याहून सोपं. "ब्यानर बघायचा न्हाय. आधी संडास बघायचा!"

मला माझी अशी पद्धत नव्हती. ती सर्जेरावांनीच दिली. "सर, सोताला एकच इचारायचं. आपलं पोरगं घालशील काय तिथं?"

आपलं पोरगं म्हणजे मुक्ता. हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्यानंतर दर वर्षी मी स्वतःला विचारलं आणि दर वर्षी उत्तर आलं, नाही. आणि तरी दर वर्षी मी तिथं कामाला गेलो! हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं हसताना जरा बेतानं हसाल.

*

पहिलं शिबिर पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचं. एका हॉटेलच्या लॉनवर, दहा दिवस. ब्यानरवर सूट घातलेला मुलगा आकाशाकडे बोट दाखवत होता. आयोजक स्वतः मे महिन्यात कोट घालून फिरायचे आणि दर दोन मिनिटांनी घाम पुसायचे.

त्यात अथर्व नावाचा सात वर्षांचा मुलगा होता. दहा दिवसांत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. चित्र मात्र रोज काढायचा. रोज तेच. एक दार, त्याला कडी.

शेवटच्या दिवशी पालकांसमोर स्टेज. प्रत्येक मुलानं माइकवर यायचं आणि ओरडायचं, "मी जिंकणार!" पंचवीस-तीस मुलं जिंकणार म्हणून गेली. अथर्व आला. माइक त्याच्या तोंडापेक्षा उंच होता, तो मी खाली केला.

"मला घरी जायचंय," अथर्व म्हणाला.

मग कोटवाले आयोजक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. "बघा! दहा दिवसांपूर्वी हा मुलगा बोलत नव्हता!" सगळं लॉन उठून टाळ्या वाजवायला लागलं. अथर्वचे वडील व्हिडिओ काढत होते.

त्याला घरी न्यायला मात्र ते जेवण उरकल्यावरच उठले.

*

दुसऱ्या वर्षी संस्कार शिबिर. जागा मंगल कार्यालयाची. संडास एक नंबर, स्वयंपाकाची बाई तिथंच जेवणारी. सर्जेराव आणि मॅडम दोघंही पास! चुकलं एवढंच की मालकानं त्याच आठवड्यात एक लग्नही घेऊन ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी आमची चाळीस पोरं श्लोक म्हणत बसलेली आणि दारात बँड! मिटवामिटवी होऊन असं ठरलं की मुलांनी मागच्या हॉलमध्ये गप्प बसायचं आणि जेवायला वऱ्हाडाच्या पहिल्या पंक्तीला बसायचं. पांढरे झब्बे घातलेली चाळीस मुलं खाली मान घालून ओळीनं जेवायला आली, तसं वऱ्हाडात कुजबुज झाली. "आश्रमाची पोरं दिसत्यात."

नवरीची आजी पदर सावरत उठली. एकेका मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत, हातात दहाची नोट ठेवत पंक्तीतून निघाली. आम्ही ताटांत मीठ वाढायला लागलो. काय बोलणार? राजारामपुरीतल्या बंगल्यांतली पोरं ती.

एका गोऱ्यापान पोरापाशी आजी थांबली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "तुला बा न्हाय व्हय रं लेकरा?"

"आहेत ना," तो म्हणाला. "पण बिझी आहेत."

आजीनं त्याला अजून एक नोट दिली.

*

चंदगडचं ॲडव्हेंचर शिबिर तर सर्जेराव अजून विसरलेले नाहीत, कारण त्यांची पद्धत तिथंच फसली. तीन संडास, टाइल्स लावलेले, चकचकीत. सर्जेराव खूश. गेल्यावर कळलं की पाण्याचं कनेक्शन पुढच्या महिन्यात मिळणार होतं!

पाणी मात्र आलं. वरून. तिकडचा वळीव म्हणजे आपल्याकडचा वळीव नव्हे. दुसऱ्याच दुपारी तंबू काजूच्या झाडांवर जाऊन बसले. आम्ही पोरांना उचलून गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात आणलं. गावकरी भले. त्यांनी भात, कुळथाचं पिठलं आणि कोरडी पोती आणून दिली. आनंदानं खाल्लं पोरांनी. अडचण पोरांची नव्हती, पालकांच्या ग्रुपची होती. तिथं सारखं चालू होतं, "फोटो पाठवा! फोटो!"

आयोजकानं मागच्या वर्षीचे फोटो टाकले. लख्ख ऊन, दोरीवर लटकणारी पोरं, रंगीत तंबू. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. "वा! किती एन्जॉय करतायत!"

मग एका आईचा फोन आला. आयोजकानं स्पीकरवर घेतला. "सगळे फोटो बघितले. माझी सई एकाही फोटोत दिसत नाही."

आयोजकानं एकदा आमच्याकडे बघितलं. सई तेव्हा पोत्यावर शिंदे मॅडमच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिला ताप होता. मॅडम खुणेनं सांगत होत्या, खरं सांगा, खरं सांगा.

"कशी दिसेल मॅडम?" आयोजक म्हणाला. "फोटो तीच काढतीय की!"

शिंदे मॅडमनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि आईला सगळं सांगितलं. त्या वर्षीचं मानधन आम्हा तिघांनाही मिळालं नाही. संध्याकाळी सईचे आईवडील गाडी घेऊन आले तेव्हा ती ताप उतरून झोपली होती, एवढं एक बरं झालं.

*

आता घरातला एक किस्सा सांगतो. तो मी चहाच्या गाड्यावर कधी सांगितलेला नाही.

माझी बायको अर्चना एका खासगी दवाखान्यात नर्स. मे महिन्यात तिला रजा मिळत नाही आणि मी शिबिरात. त्यामुळे सुट्टी लागली की मुक्ताची रवानगी मुरगूडला, मावशीकडे. दर वर्षी जाताना ती विचारायची, "बाबा, मी येऊ तुमच्या शिबिराला?" आणि दर वर्षी मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी. यंदाचं तुझ्यासारखीला बरं नाही."

आठ वर्षांची असताना तिनं विचारलंच नाही. माझ्या कागदांतून सामानाची यादी काढून घेतली आणि आपली आपण बॅग भरली. ताट, वाटी, टॉवेल, टॉर्च. यादीत लिहिलं होतं, प्रत्येक वस्तूवर नाव घालावे. तिनं टॉर्चवर नाव घातलं. कंगव्यावर घातलं. टॉवेलवर सुईदोऱ्यानं "मुक्ता" एवढंच घालून झालं आणि दोरा संपला.

बॅग दारात आणून ठेवली. मी म्हटलं, "अगं, हे शिबिर बरं नाही. तिथं जेवण धड नसतं, उन्हात बसवतात."

तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग दुसऱ्यांच्या मुलांना कसं चालतं?"

मी बॅग उचलून माळ्यावर टाकली आणि एसटी चुकेल म्हणून निघालो. जूनमध्ये बॅग खाली काढली तर टॉर्चमधले सेल पाझरून टॉवेलवर तपकिरी डाग पडला होता. नेमका नावावर.

*

इचलकरंजीचं शिबिर त्यातल्या त्यात बरं होतं. यंत्रमाग कामगारांच्या मुलांसाठी एका मंडळानं भरवलेलं. मुलं गोड, पण आवाज! साधं "पाणी पाहिजे" म्हणायचं तर तिसऱ्या गल्लीत ऐकू जायचं. दिवसभर मागांच्या खडखडाटाशेजारी राहायचं तर ओरडूनच बोलावं लागतं.

शिंदे मॅडमनी ठरवलं, रोज पाच मिनिटं मौन. डोळे मिटायचे, श्वास ऐकायचा. शिबिराचा हॉल मागांपासून लांब होता, मंडळानं मुद्दाम तसा घेतलेला. पहिल्या दिवशी मुलं कशीबशी गप्प झाली. खरोखरची शांतता पसरली. मॅडमचा चेहरा उजळला.

अर्ध्या मिनिटात मागच्या ओळीतला एक पोरगा ताडकन उठला. डोळे विस्फारलेले. "बाई, लाईट गेली!"

"नाही रे, बस खाली."

"गेली की! माग बंद पडल्यात! पप्पा घरला आलं असतील. जाऊ काय मी?"

त्याच्यामागून आणखी सात-आठ पोरं चपला शोधायला लागली. त्यांच्या हिशेबी शांतता म्हणजे लाईट गेली, आणि लाईट गेली म्हणजे बाप घरी. मॅडमनी दार अडवून त्यांना कसंबसं समजावलं की लाईट आहे, माग चालू आहेत.

तो पोरगा खाली बसला. नंतर मौनाची वेळ झाली की कान झाकून बसायचा.

या शिबिराला मी मुक्ताला नेऊ शकलो असतो. पण ते फक्त कामगारांच्या मुलांसाठी होतं, म्हणजे उत्तर पुन्हा नाहीच.

*

आता माझ्या स्वतःच्या शहाणपणाचा किस्सा. शाहूपुरीत हस्तकलेचं एक शिबिर होतं. तिथल्या संचालिका बाईंचा मुलगाही शिबिरात. त्याला वेगळी खुर्ची, वेगळा डबा, आणि रोजच्या स्पर्धेत पहिला नंबर. त्याची मातीची गाय पाच पायांची झाली तरी पहिली! पाचवा पाय म्हणे शेपूट होती.

एक दिवस एक छोटी मुलगी माझ्या शर्टाला धरून म्हणाली, "सर, इथं आई असली की पहिला नंबर येतो का?"

मला फार लागलं ते. मी तावातावानं चहाच्या गाड्यावर नियम मांडला. शिकवणाऱ्यानं आपलं मूल आणलं तर शिबिरात ते त्याचं मूल नाही. जवळ घ्यायचं नाही, वेगळं वाढायचं नाही, त्यानं आईबाबा म्हणून हाक मारायची नाही. सर म्हणायचं!

शिंदे मॅडमना पटलं. सर्जेराव चहा फुंकत म्हणाले, "नियम चांगला हाय सर. पर तो पोरानं पाळला तर लई अवघड हुतंय बघा."

मी म्हटलं, "त्यात काय अवघड?"

*

यंदा शेवटी शिबिर सापडलं. राधानगरी रोडला, एका शेतात. इनामदार बाई म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका आठ दिवस तीस मुलांना घेऊन राहतात. ब्यानर नाही, स्टेज नाही. सर्जेराव जाऊन नळ सोडून आले. मॅडमनी बघितलं, स्वयंपाकाची बाई मुलांच्या पंक्तीतच जेवते. मी स्वतःला विचारलं, आपलं पोरगं घालशील काय तिथं? सात वर्षांत पहिल्यांदा उत्तर आलं, हो!

वयाची अट बारापर्यंत. मुक्ताला जुलैत बारा पूर्ण होणार. म्हणजे एवढंच वर्ष हातात होतं.

इनामदार बाई म्हणाल्या, "मुलगी आणा खुशाल. पण एक आहे. इथं ती तुमची नाही." मी म्हटलं, "बाई, हा माझाच नियम आहे."

स्कूटरवर जाताना मी तिला सगळं समजावलं. "तिथं मी बाबा नाही. सर म्हणायचं."

"बरं."

"माझ्याकडे येऊन हट्ट करायचा नाही. बाकीच्यांना वाईट वाटतं."

"बरं." मग थोड्या वेळानं, "पण तुम्ही तिथं असणार ना रोज?"

"म्हणजे काय! रोज."

"मग चालेल," ती म्हणाली, आणि शहराबाहेरचा नाका येईपर्यंत माझ्या पाठीला गाल टेकून बसली.

तिनं नियम पाळला. असा पाळला की तिसऱ्या दिवसापासून तो मलाच जड जायला लागला. खेळताना गुडघा फुटला, रक्त आलं, तर औषधाच्या रांगेत तिसरी उभी राहिली. औषध आणि वही माझ्याकडे; नाव विचारून वहीत नोंद करायची पद्धत. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मुक्ता देसाई, सर." मी औषध लावलं. ती लंगडत परत खेळायला गेली. सर्जेराव शेजारी उभे होते, ते उगाचच शिट्टी पुसायला लागले.

बाकी मुलं तिच्यावर खूश. रात्री घरची आठवण येऊन कुणी रडलं की ती त्याच्या शेजारी जाऊन बसायची, असं मॅडम सांगायच्या.

शेवटच्या दिवशी पालक येतात. इनामदार बाईंची पद्धत अशी की मुलांनी आंब्याखाली रांगेत उभं राहायचं, हातात स्वतः केलेली कागदाच्या लगद्याची वाटी. पालकांनी टेबलाशी येऊन सही करायची, मग टेबलावरच्यानं मुलाचं नाव पुकारायचं. मूल धावत जातं, वाटी देतं. टेबलावर मी होतो.

सकाळीच अर्चनाचा फोन आला होता. "अहो, माझी ड्युटी लागली. मला नाही जमणार. पण तुम्ही आहातच की तिथं!" हे मुक्ताला सांगायचं होतं. टेबलं लावण्यात राहून गेलं.

एकेक पालक येत होते. मी सही घेत होतो, नाव पुकारत होतो. पोरं धावत होती, आया डोळे पुसत होत्या. रांग लहान होत गेली. दहा राहिली. चार राहिली. दोन. मग एका पोराचे आजोबा धापा टाकत आले आणि तोही गेला.

आंब्याखाली मुक्ता एकटी. वाटी दोन्ही हातांत धरलेली, निळी, काठाला पांढरे ठिपके. नजर फाटकाकडे.

मी रजिस्टर पुढं ओढलं, तिच्या नावासमोर पालकाच्या रकान्यात सही केली आणि उभा राहिलो. नियम गेला खड्ड्यात! "मुक्ता देसाई!" मी पुकारलं.

ती हलली नाही.

मीच तिच्याकडे चालत गेलो. तिनं वर बघितलं. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही. रात्री रडणाऱ्या पोरांना समजावताना तिचा आवाज जसा असेल, तशा आवाजात ती म्हणाली,

"माझं नाव पुकारू नका सर. माझे बाबा मे महिन्यात शिबिराला असतात."